डावा हात भिंतीकडे

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. ब्लाउज नेल्यावर चार दिवसांनी 'थोडं सैल करून द्या' म्हणत परत येणाऱ्या बायांवर येतो, स्वतःच्या गुडघ्यावर येतो, आणि सगळ्यात जास्त येतो तो आपल्याला न विचारता आपल्याबद्दल ठरवून टाकणाऱ्या कागदांवर. तसाच एक कागद त्या सोमवारी तलावाच्या दाराला चिकटवलेला होता. महिला जीवरक्षक उपलब्ध नसल्यानं महिलांची बॅच या महिनाअखेरीस बंद करण्यात येत आहे. खाली सही, शिक्का, तारीख, सगळं कसं अगदी व्यवस्थित.

हा तलाव वाशीमच्या कडेला, नव्या वस्तीच्या मागं आहे. पोहण्याचा सार्वजनिक तलाव, पंचवीस मीटर लांब, एका टोकाला चार फूट आणि दुसऱ्या टोकाला दहा फूट खोल. बायांची वेळ सकाळी अकरा ते बारा. ही वेळ ठरवणाऱ्याला बायांच्या घरात अकरा वाजता काय चाललेलं असतं याची काडीइतकी कल्पना नसणार, पण तरी आम्ही चौदा जणी वरणाला फोडणी घालून, कुकर उतरवून पळत येत होतो.

मी आले ती गुडघ्यामुळं. बावीस वर्षं पायानं शिलाई मशीन चालवली, त्याचं बक्षीस म्हणून उजवा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला. मी पाण्यात उतरले, चार पावलं चालले आणि पाचव्या पावलाला आपोआप पोहायला लागले. चौतीस वर्षांनी. डोक्यानं विसरलेलं अंगानं जपून ठेवलं होतं. त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यात एकटीच हसत होते, आणि हे मी कोणालाही सांगितलं नाही, कारण सत्तेचाळीस वर्षांच्या बाईनं पाण्यात डुंबून आल्याचा आनंद सांगायचा तरी कोणाला?

राखी नावाची मुलगी आमची जीवरक्षक होती. तिचं लग्न झालं आणि ती अकोल्याला गेली. आम्ही सगळ्या जणी लग्नाला गेलो, आहेर दिला, आणि जे लग्न आपल्याच बॅचच्या मुळावर येणार होतं त्यात दोन-दोनदा जिलबी मागून घेतली. आमच्यापैकी एकीच्याही हे लक्षात आलं नाही.

मी तो कागद दारावरून काढला आणि तसाच हातात धरून मोहनसिंग सरांकडे गेले. मोहनसिंग राठोड म्हणजे आमचे प्रशिक्षक. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा तिशीतला माणूस, शांत. इतका शांत की त्याच्याशी भांडायला मजा येत नाही.

"सर, हे काय होय?"

"नियम हाय ताई. बायांच्या टाइमले बाईच जीवरक्षक पाह्यजे. म्या तपास केला. दोन पोरी आल्या. एकीले पोयताच येत नोतं."

"मंग आली कायले?"

"थे म्हणे, तुमी शिकवान ना."

"अन् दुसरी?"

"दुसरीच्या घरच्यायनं नाई म्हटलं." सरांनी कागद माझ्या हातातून घेतला, नीट घडी केली. "तुमच्यातलं कोणी परीक्षा देत असन तं पाहा. पुढच्या शुक्रवारी अमरावतीहून मॅडम येऊन राह्यल्या. खोलातून वीट काढाची, आन् मंग पन्नास मीटर. एक डाव जायाचं, एक डाव याचं, न थांबता. दोन दोऱ्यांच्या मधून सरळ. दोरीले हात लागला का फेल. वय पन्नासच्या आत."

मागं बाकीच्या तेरा जणींची वर्दळ एकदम थांबली. मी वळून पाहिलं तर सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. खोल पाण्यात जाणारी आमच्यात मी एकटीच.

"पौर्णिमाबाई देते," कस्तुराबाई म्हणाल्या.

मला कोणी विचारलं नव्हतं. राग यायला हवा होता, आलाही थोडा. पण कस्तुराबाईंवर रागावणं अवघड. त्या मूळच्या धनजच्या, शेतकरी घरातल्या, वय साठ, मुलाकडे वाशीमला राहायला आलेल्या. त्यांची पोहण्याची पद्धत अशी, की उथळ टोकाला गळ्यापर्यंत पाण्यात बसायचं, कडेचा पाइप दोन्ही हातांनी घट्ट धरायचा आणि तासभर बोलायचं. आठ महिन्यांत त्यांनी तो पाइप एकदाही सोडला नव्हता. महिन्याभरापूर्वी त्यांच्या पायातलं चांदीचं जोडवं तलावात पडलं. पाणी स्वच्छ करणाऱ्या माणसालाही ते सापडलं नाही. घरी नवऱ्याला, मारोतरावांना, कळू नये म्हणून त्यांनी बोटाला तांब्याची तार गुंडाळली होती आणि पायात दिवसभर मोजे घालत होत्या. ऐन उन्हाळ्यात.

"माह्या घरी मले कोणी आंघोळीले बी निवांत बसू देत नाई," त्या म्हणाल्या. "हा एक घंटा हाय माह्या हक्काचा. तू परीक्षा दे बाई."

मी हो म्हटलं. पोहता येतंय, बुडी मारता येते, मग राहिलं काय? असं मला वाटलं.

काय राहिलं ते दुसऱ्या दिवशी कळलं.

सरांनी शिट्टी वाजवली. मी उथळ टोकाची भिंत सोडली आणि हात मारायला लागले. माझा चष्मा जाड आहे, तो काढला की समोरची भिंत म्हणजे निळा धूर. डोकं पाण्याच्या वर, डोळे अर्धे मिटलेले, असंच मला पोहता येतं. पण जोर भरपूर. मला वाटलं, बाणासारखी चाललेय. बराच वेळ झाला, हाताला भिंत लागली, मी दम खात वर पाहिलं आणि मोठ्या आवाजात विचारलं, "किती टाइम लागला?"

शेजारी कस्तुराबाई होत्या. पाइप धरून.

"तू गेली कुठं होती?" त्या म्हणाल्या. "अर्ध्यातूनच वळली ना बाई."

मी उजवीकडे वळत वळत पूर्ण गोल फिरून निघाले तिथंच परत आले होते. आमच्यातली सगळ्यात लहान, कॉलेजात जाणारी निकिता, पोट धरून हसत होती. सरांनी मग दोऱ्या बांधल्या. तर एका फेरीत माझा हात उजव्या दोरीला तीनदा लागला. तीनदा म्हणजे तीनदा नापास.

"ताई, तुमी शिकल्या कुठं?" सरांनी विचारलं.

"विहिरीत."

सरांनी मान हलवली. "मंग बरोबर हाय. आमी धरणाच्या पाण्यात शिकलो. आमी सरळ जातो, पण थांबाचं कुठं थे समजत नाई."

त्यांनी उपाय सांगितला. तळाशी काळी पट्टी आहे, तोंड पाण्यात घाला आणि पट्टी बघत जा. नवऱ्यानं बाजारातून पोहण्याचा चष्मा आणून दिला. तोंड पाण्यात घातल्यावर पट्टी दिसली, पण माझ्या नजरेला ती एक नव्हती, दोन-तीन होत्या. श्वास कधी घ्यायचा ते चुकलं. तीन दिवसांत मी निम्मा तलाव प्यायले. सात वर्षांची असताना अंगात गेलेली सवय आठ दिवसांत बाहेर निघत नाही, हे शनिवारी मला पुरतं कळून चुकलं. घरी जाऊन मी विनाकारण नवऱ्यावर ओरडले. तो बिचारा लसूण सोलत होता.

खरं तर मला ओरडायचं होतं माझ्या वडिलांवर. म्हणून रविवारी सकाळी एसटी धरली.

माझं माहेर अनसिंगच्या पलीकडे, आतल्या रस्त्याला. घराच्या मागं शेत आणि शेतात आमची विहीर. गावातल्या मोठ्या विहिरीवर आमच्या लोकांनी पाय ठेवायचा नाही, असे दिवस माझ्या आजोबांनी काढले होते. म्हणून त्यांनी आणि वस्तीतल्या चौघांनी मिळून दोन उन्हाळे खपून ही विहीर खोदली. बाबांचं म्हणणं साधं होतं. एवढ्या मेहनतीनं पाणी लागलं, आता त्यात आपलंच पोर बुडून मरायला नको. म्हणून वस्तीतलं प्रत्येक पोर सात वर्षांचं झालं, की बाबा त्याच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधायचे आणि विहिरीत सोडायचे. मुलगा असो की मुलगी. कोणाची बादली, कळशी विहिरीत पडली तर बाबा बुडी मारून काढून आणत, आणि दहा वर्षांची झाल्यावर मीही त्यांच्याबरोबर तळाला जायला लागले. त्यांचा एक नियम होता, तळाला गेलं की रिकाम्या हातानं वर यायचं नाही. कळशी नाही सापडली तर जे हाताला लागेल ते आणायचं. मी एकदा कोणाचा तरी अडकित्ता आणला होता.

तेरा वर्षांची झाले आणि एका संध्याकाळी बाबा म्हणाले, उद्यापासून विहिरीवर येऊ नको. बस, एवढंच. त्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ प्रसेनजित काठावरून उड्या मारायचा आणि मी वर उभी राहून त्याचे कपडे सांभाळायची.

आता बाबा, माणिकराव, एकोणऐंशीचे आहेत. तोंडात दात नाहीत, पण कान शाबूत. अंगणात खाटेवर बसून तुरीतले खडे निवडत होते.

"बाबा, तुमी मले चुकीचं शिकोलं," मी चप्पल काढायच्या आधीच म्हटलं.

"काय शिकोलं?"

"पोयणं. मले सरळ पोयताच येत नाई. गोल फिरून तिथंच परत येणं होते."

बाबांनी सूप बाजूला ठेवलं आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला लागला, मी पाणी दिलं, ते प्यायले आणि पुन्हा हसले. मग मी सगळं सांगितलं. तलाव, कागद, परीक्षा, दोऱ्या, शुक्रवार. ते नीट ऐकत होते.

"चाल," म्हणाले आणि काठी घेऊन उठले.

विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे आणि आत मोटार सोडलेली. पाणी खाली, हिरवं, गप्प. बाबांनी काठीनं जाळीवर टकटक केलं.

"इहिरीत सरळ पोयून जाशीन कुठं? चार हात मारले का भित. तेवीस लेकरं शिकोले म्या ह्या पाण्यात. एक बी बुडालं नाई. काहून? मी पयल्याच दिवशी सांगो, डावा हात भितीकडं. दम लागला का गोटा धरा. सगळे एकाच अंगानं फिरले का कोणी कोणावर आदळत नाई." त्यांनी काठीनं हवेत गोल काढला. "डाव्या हाताले भित ठेवली का माणूस उजवीकडंच वळत जाते. चुकीचं नाई शिकोलं. तुले जगवाचं होतं."

यावर रागावायला जागाच नव्हती. मी जाळीला धरून उभी राहिले.

"मंग आता सरळ कशी जाऊ? मले समोरचं दिसत बी नाई."

बाबा पाण्याकडे वळले. "तुह्या मायले मागाले गेलो होतो, तवा नदीले पूर होता. माहा मामा आधी पोयून पल्याड गेला, तिथं उभा राह्यला. म्हणे, पाण्याकडं पाहू नको, कुठंच पाहू नको, मी आवाज देतो, आवाजाकडं ये. मी गेलो. माणसाकडं याचं असन तं माणूस सरळ येते." ते माझ्याकडे वळले. "काठावर कोणाले तरी उभं कर."

मला ते पटलं. पण विहिरीवर आलेच होते, तर चौतीस वर्षं पोटात असलेलं विचारून टाकलं.

"बाबा, मले तवा बंद काहून केलं?"

बाबांना एकदम मोटारीच्या खोक्याचं झाकण उघडं दिसलं. ते तिकडे गेले, झाकण लावलं, मग वायर पाहिली, मग पुन्हा झाकण उघडून लावलं. मी दहा मिनिटं वाट पाहिली. मग एसटीची वेळ झाली म्हणून निघाले. रडले नाही, पण अनसिंगच्या स्टँडवर एका माणसानं माझ्या पिशवीवर पाय दिला, त्याला मी जे बोलले ते त्याच्यासाठी नव्हतं.

सोमवारी बॅचमध्ये मी सांगितलं, मला दोन्ही टोकांना माणूस लागेल. आवाज देणारा. सरांनी नियमाचा कागद काढून दोनदा वाचला.

"हात लावाची मनाई हाय," ते म्हणाले. "आवाजाचं काही लिह्यलं नाई."

उथळ टोकाला निकिता उभी राहणार हे ठरलं. खोल टोकाला कोण? तिथल्या काठावर उभं राहायलाच बाया घाबरत होत्या. पाय घसरला तर सरळ दहा फूट.

"मी राह्यतो," कस्तुराबाई म्हणाल्या.

आम्ही सगळ्या त्यांच्याकडे पाहायला लागलो. त्या पाइप धरूनच बोलत होत्या.

"काय पायता? धनजले पंधरा एकराची राखण केली म्या. एका धुऱ्यावरून आवाज देला का दुसऱ्या धुऱ्यावरचे डुकरं पळत."

त्या पाण्याबाहेर आल्या, कठड्याला धरत धरत, एकेक पाऊल टाकत खोल टोकाला गेल्या. तिथल्या शिडीचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी आवळला.  मग त्यांनी आवाज दिला. तलावाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

मी त्या आवाजाकडे निघाले. पहिल्या दिवशी दोरीला एकदा हात लागला. बुधवारी लागला नाही. येताना मात्र गडबड होई. निकिताचा आवाज मोठा, पण ती मध्येच हसायची, आणि ती हसली की मी उजवीकडे. गुरुवारी येताना दोनदा हात लागला. त्या रात्री झोप नीट लागली नाही. मी नापास झाले तर कस्तुराबाई पुन्हा मोरीत आंघोळ करणार, कोणीतरी बाहेरून दार वाजवणार, आणि मी मशीनवर बसून रस्त्याकडे बघणार. माझ्यामुळं. दुसऱ्या कोणावर ढकलायचीही सोय नव्हती.

शुक्रवारी परीक्षक मॅडम बरोबर अकराला आल्या. कडक इस्त्रीच्या, कमी बोलणाऱ्या. आमच्या पोशाखाकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. पूर्ण बाह्यांचा झगा आणि घोट्यापर्यंतची विजार, शाळेच्या खेळाच्या गणवेशाचं कापड, चौदाही जणींचे मीच शिवलेले.

"कुठून घेतले?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडंच मिळतात," मी म्हटलं. धंद्याची वेळ नव्हती, पण सवय.

आधी वीट. सरांनी खोल टोकाला वीट टाकली. मी काठावरून पाय खाली करून सरळ उडी घेतली, विहिरीत घेतात तशी. दहा फूट म्हणजे आमच्या विहिरीच्या मानानं अंगणच. तळाला पाय लागले, चाचपडलं, वीट हाताला लागली. वर निघणार, तेवढ्यात दुसऱ्या हाताला पाणी ओढून घेणारी जाळी लागली आणि जाळीच्या कडेला काहीतरी बारीक, गोल. मी तेही उचललं. तळाला गेल्यावर हात मोकळा ठेवायची मला सवयच नाही.

वर येऊन वीट काठावर ठेवली आणि मूठ उघडली. जोडवं होतं. उथळातून उतारानं घरंगळत इथवर आलेलं.

कस्तुराबाई तिथंच दांडा धरून उभ्या होत्या. त्यांनी एक हात दांड्यावरून काढला, जोडवं घेतलं आणि दातात धरून ठेवलं. घालायला वाकायचं तर दुसरा हातही सोडावा लागला असता.

"फक्त वीट आणायची होती," मॅडम म्हणाल्या, पण त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि लिहिताना त्यांचं तोंड हसरं होतं.

मग पन्नास मीटर. मी उथळ टोकाला आले, भिंतीला पाठ लावली. शिट्टी वाजली.

जाताना काही कळलंच नाही. कस्तुराबाईंनी जोडवं दातातून काढलं असणार, कारण आवाज असा आला की डुकरंच काय, वाघही पळाला असता. "इकडं ये, पौर्णिमा, इकडं." मी त्या आवाजात सरळ घुसले. भिंत लागली. वळले.

आता निकिता. मी दोन हात मारले, चार मारले, आवाज येईना. निळा धूर, पाण्याची चपचप, माझाच श्वास. उजवं अंग जड व्हायला लागलं, मला कळत होतं की मी वळतेय, आणि कळूनही थांबवता येत नव्हतं. बोटांच्या टोकाशी पाणी वेगळं लागलं, दोरीच्या जवळ लागतं तसं. मनात म्हटलं, झालं. गेली बॅच.

"पौर्णिमा."

तो निकिताचा आवाज नव्हता.

"पौर्णिमा, भित सोड. भित नाई तिथं. माह्याकडं ये."

समोरच्या धुरात काहीतरी पांढरं उभं होतं. धोतर होतं ते. हा आवाज मी वयाच्या सातव्या वर्षी विहिरीच्या काठावरून ऐकला होता, तेव्हा तो मला गोल फिरवत होता. आता तो मला सरळ बोलवत होता. मी डाव्या बाजूची भिंत मनातून सोडली. कशी सोडली ते सांगता येणार नाही, पण अंग हलकं झालं आणि मी त्या पांढऱ्याकडे हात मारत सुटले. बाबा माझं नाव घेत होते, प्रत्येक हाताला एकदा, अजिबात घाई न करता. मला किती हात लागतील ते त्यांना माहीत असल्यासारखे.

भिंत लागली. वर पाहिलं. बाबा काठावर ओणवे झाले होते, काठी बाजूला पडलेली, धोतराचं टोक पाण्यात. मागं निकिता तोंडावर हात ठेवून उभी होती. नंतर कळलं ते असं. प्रसेनजितनं बाबांना मोटरसायकलवर आणलं. दारावरचा माणूस म्हणाला, बायांची वेळ आहे. मोहनसिंग सरांनी जाऊन सांगितलं, आज परीक्षेची वेळ आहे, सोडा. बाबा आत आले, त्यांना पाहून निकिता आवाज द्यायचंच विसरली, बाबांनी माझं उजवीकडे वळणं पाहिलं आणि ते तिला म्हणाले, पोरी, तू सरक.

"दोरीला हात लागला नाही," मॅडमनी सरांना सांगितलं. "घ्या सही."

मागं बाया ओरडत होत्या, कोणीतरी माझ्या पाठीवर थापा मारत होतं. सरांनी बाबांसाठी प्लास्टिकची खुर्ची आणली. मी टॉवेल गुंडाळून त्यांच्या पायाशी बसले आणि चष्मा लावला. बाबा तलावाकडे पाहत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा पुन्हा.

"केवढी लांब गेली तू," ते म्हणाले.

मी त्यांची काठी ओढून घेतली आणि खुर्चीला टेकवली.

"तवा लोकं बोलत. माणिकरावची पोरगी पोरायसंगं उड्या मारते म्हणत. मी लोकायले काई बोललो नाई. तुलेच बोललो. सोपं होतं थे." त्यांनी धोतराचं ओलं टोक पिळलं. "बरं नाई केलं म्या. रविवारी सांगाचं होतं. तोंडातून निंगलं नाई."

चौतीस वर्षं मी या वाक्याला द्यायची उत्तरं तयार ठेवली होती. एकाहून एक सरस होती. त्यांतलं एकही मला त्या वेळी सापडेना. मला फार बरं वाटत होतं, आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही मी लपवलं नाही. बाबांनी माझ्या ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

सोमवारी दारावर नवा कागद होता. महिलांची बॅच नियमित सुरू राहील. मी तो दोनदा वाचला आणि जागेवरच राहू दिला. सरांनी मला शिट्टी दिली आणि पाठीवर जीवरक्षक लिहिलेला टी-शर्ट दिला. तो इतका ढगळ होता की रात्रीतून मी दोन्ही कडा आत घेऊन बेतानं बसवला.

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाई नेहमीच्या जागी बसल्या होत्या, पाइप धरून. पायात जोडवं, मोजे गायब. मी शिट्टी गळ्यात अडकवून काठावर फेऱ्या मारत होते, तेव्हा त्यांनी हाक मारली.

"पौर्णिमा, मले तिकडं जायाचं हाय."

"खोलात?"

"खोलात कायले, मराले? त्या भितीले." त्यांनी हनुवटीनं समोरची बाजू दाखवली. लांबी नाही, रुंदी. चार फूट पाणी, चालत गेलं तरी गळ्याच्या वर येणार नाही. मध्ये धरायला मात्र काही नाही. "तू तिकडं उभी राह्य."

मी वळसा घालून समोरच्या काठावर गेले आणि ओणवी झाले. बाकीच्या बाया बाजूला झाल्या. कस्तुराबाई उभ्या राहिल्या, पाण्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाइपाला चिकटल्या.

"पाण्याकडं नोका पाहू," मी म्हटलं. "कस्तुराबाई, पाइप सोडा. माह्याकडं या."

त्यांनी एक हात सोडला.

"दुसरा बी."

मी शिट्टी पाठीमागं टाकली, दोन्ही हात पुढं केले आणि त्यांचं नाव घेत राहिले, अजिबात घाई न करता. थोड्या वेळानं त्यांनी दुसराही सोडला.